चाखणं म्हणजे खाणं नव्हे

३ फेब्रुवारी

तेलवाला दरवर्षी एक डायरी देतो. आजवर तिची पानं फाडून आम्ही पहिला घाणा त्यावर टाकायचो, तेल किती सुटतं ते बघायला. यंदा पहिल्यांदाच तिच्यात लिहितोय. कारण साधं आहे, बोलायला कोणी नाही. इतकी वर्षं मी पुढे कढईपाशी आणि ही मागे पिठापाशी, मध्ये एक पडदा. पडद्यातून दिवसभर आमचं बोलणं चालायचं, म्हणजे बहुतेक भांडणच. आता मागच्या खोलीत पिठाच्या टेबलाशेजारी खाट टाकलीय. खाटेवर ही आहे, आणि बोलतो मी एकटाच.

मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोललेलं तिला बरंचसं कळतं असं डॉक्टर म्हणतात. किती कळतं ते त्यांनाही सांगता येत नाही. रजा संपली म्हणून लेक आज परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, दुकान उघडा. नाहीतर तुम्हीही अंथरूण धराल."

दुकान उघडायचं म्हणजे काय, ते तिला कुठे ठाऊक. आमच्याकडे एकच वस्तू मिळते, तळलेले गोळे. आत बटाट्या-कांद्याचं सारण, वरून पिठाचं आवरण. तळतो मी, बाकी सगळं ही करते. लोकांना वाटतं गोळे माझे आहेत, कारण लोकांना मी दिसतो.

५ फेब्रुवारी

पीठ भिजवलं. तिचं असंच असायचं, हातातून दोरीसारखं पडेल असं. निदान दिसायला तरी तसं झालं. सारण मळलं, हाताला तेल लावून गोळे वळले. उजवा तळहात खोलगट, डावा सपाट, हे बघून बघून माहीत होतं. बघणं आणि करणं यात किती अंतर असतं ते माझे गोळे बघितले की कळतं. एकही दुसऱ्यासारखा नाही.

मग कढई. तिथे मात्र मी राजा. पिठाचा थेंब टाकायचा, तो तळाशी जाऊन लगेच वर आला की तेल तयार. गोळा सोडल्यावर मोठा आवाज होतो, तेव्हा झारा लावायचा नाही, नाहीतर आवरण फाटतं. आवाज बारीक झाला की उलटायचा. बुडबुडे थकले की काढायचा. डोळे बांधून तळायला सांगा, तळून दाखवीन.

समोरचा शिंपी पहिला गिऱ्हाईक. रोज दुपारी दोन गोळे हा त्याचा नेम. आज एक खाल्ला आणि दुसरा कागदात गुंडाळून ठेवला.

"काय रे?"

"काही नाही. घरी नेतो."

"खरं सांग."

"तळलाय झकास," म्हणाला, "पण वहिनींचा नाही."

८ फेब्रुवारी

मीठ वाढवून पाहिलं. मग कांदा बारीक चिरला. मग पीठ रात्रभर भिजवून आंबवलं. शिंपी रोज खातो आणि रोज तेच सांगतो, काहीतरी कमी आहे. काय कमी आहे विचारलं की छताकडे बघतो. बाकीची गिऱ्हाइकं तेवढंही सांगत नाहीत, दुसऱ्या दिवशी येत नाहीत इतकंच.

मी स्वतः खाऊन बघतोच की. पण आयुष्य तेलाच्या वाफेत काढलेल्या माणसाच्या जिभेवर काय भरवसा ठेवायचा? मला सगळे गोळे सारखेच लागतात. म्हणून तर चव कायम हिनं घेतली. घाणा काढला की पडद्यातून बशी आत जायची आणि आतून हुकूम यायचा.

हिच्या देखभालीसाठी दवाखान्यातली सिस्टर एक दिवसाआड येते. मला काका म्हणते. हिला उशांना टेकवून बसवायचं, हनुवटी खाली ठेवून भरवायचं, घट्ट पेजच द्यायची, पाणी आणि चहा द्यायचा नाही, असं सगळं तिनं करून दाखवलं आणि माझ्याकडून करून घेतलं. "तिचा घसा आळशी झालाय काका, घास चुकीच्या वाटेला जातो." मी सगळं तंतोतंत पाळतो. पेजेचा चमचा उलटा केला तर पडू नये इतकी घट्ट करतो.

आज बटाटे उकडून पाणी मोरीत ओतत होतो, तर हिनं डाव्या हातानं खाटेच्या कडेवर थाप मारली. लघवीला लागली असेल म्हणून भांडं घेऊन धावलो. नको होतं. तशीच बघत राहिली माझ्याकडे.

११ फेब्रुवारी

आज मला एकदम सुचलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. चव घेणारी घरात आहे आणि मी शिंप्याला विचारत बसलोय.

गोळ्याचं आवरण चिमूटभर तोडलं, सारणाचा कण लावला, तिच्या जिभेवर ठेवलं. तिचे डोळे उघडले. म्हणजे उघडे होतेच, पण आज ती त्यांच्या आत आली. जीभ हलवली, टाळूला लावली, डोळे बारीक केले, अगदी पहिल्यासारखे. मग मान हलवली. नाही.

आजारी पडल्यापासून तिनं मला दिलेलं हे पहिलं उत्तर. मी पडद्याबाहेर येऊन कढईपाशी उभा राहिलो आणि रडलो. गिऱ्हाइकानं विचारलं, तर कांदा म्हणून सांगितलं.

नंतर थोडा खोकला आला तिला. तळणाचा धूर आत जातो. पडदा जाड लावायला हवा.

१५ फेब्रुवारी

आता आमचं परत चालू झालं. सकाळी पिठाचा थेंब, दुपारी गोळ्याचा कण. ती मान हलवते, मी काहीतरी बदलतो. मी विचारतो, "मीठ?" नाही. "तिखट?" नाही. "पीठ जाड?" नाही. "मग काय माझं नशीब?" यावर अर्धा ओठ हलला. हसली, माझी खात्री आहे.

दुपार झाली की तोंड उघडून वाट बघते. पेजेला असं कधी उघडत नाही. पेज म्हणजे शिक्षा असल्यासारखी गिळते.

सिस्टरनं विचारलं, "पेजेशिवाय काही देत नाही ना काका?" मी म्हटलं, "छे." चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे. आम्हा लोकांत तसं कोणी धरतही नाही. दिवसभर चाखणारी माणसं संध्याकाळी उपाशीच असतात.

नवा पडदा लावला. खोकला आहेच.

१९ फेब्रुवारी

हिला बटाटे गाळताना काय होतं कळत नाही. आज पुन्हा थापा, जोरात. मी भांडं नेलं, नको. उशी सरकवली, नको. वाफ अंगावर येते म्हणून असेल. तिची खाट भिंतीकडे ओढली, तर आणखी चिडली. घशातून आवाज काढला, डोळ्यांत पाणी आणलं. "अगं, एका वेळी किती ठिकाणी पुरणार मी," असं तोंडातून गेलं. नंतर फार वाईट वाटलं. खाट परत जागेवर आणली.

संध्याकाळी अंग कोमट लागलं. उन्हाचं असेल.

२२ फेब्रुवारी

ताप. लेकीला फोनवर सांगितलं नाही, उगाच जीव टांगणीला लागेल. सिस्टरनं छाती ऐकली, तिचा चेहरा पडला आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला.

आज चाखायला द्यावं की नाही, मन मागेपुढे होत होतं. पण तिनंच तोंड उघडलं. तापातसुद्धा. चार कण दिले, कारण चारही निराळे होते आणि मला उत्तर हवं होतं.

२४ फेब्रुवारी

दवाखाना. रात्री श्वास घरघरायला लागला. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी मूर्खासारखा तिला सांगत होतो की कढईखालचा गॅस बंद केलाय, काळजी करू नकोस.

डॉक्टर तरुण आहे, मुलगाच म्हणायचा. म्हणाला, "न्यूमोनिया आहे. अन्नाचे कण फुफ्फुसात गेलेत. तोंडाने काय काय देता?"

"घट्ट पेज."

"आणखी? कोरडं, कुरकुरीत काही?"

"नाही," मी म्हणालो.

देवाशपथ, मी खोटं बोललो नाही. मला ते आठवलंच नाही. जिन्यात उभा राहून लेकीला फोन केला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, "कुरकुरीत असं ते का विचारतायत बाबा?" आणि मी सांगायला लागलो की आमचं चाखणं चालू होतं, तेवढंच तिला बरं वाटायचं. बोलता बोलता थांबलो.

मग म्हणाली, "तुम्ही आईला गोळे खायला घालत होतात?"

"घालत नव्हतो गं. चाखवत होतो."

तेवढं एक वाक्य मला दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही. वर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

२ मार्च

वाचली. घरी आणली. जीव भांड्यात पडला असं लिहायचं असतं, पण पडला नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, पुन्हा असं झालं तर ती यातून उठणार नाही. पेज आणखी घट्ट, चमचा छोटा, एवढ्यावर भागलं तर ठीक. पोटात जाणं कमी झालं तर नाकातून नळी. नळी तिला सोसेल असं त्यांना वाटत नाही, छाती फार अशक्त झालीय.

म्हणजे तिचा जीव आता पेजेच्या वाटीत आहे.

५ मार्च

दुकान उघडलं. लेक म्हणत होती बंदच ठेवा. पण बंद दुकानात बसून करू काय? आणि हिलाही कढईचा आवाज ऐकू आला की मान वळवावीशी वाटते, हे मी पाहिलंय.

दुपारी आत गेलो तर तोंड उघडून बसलेली. माझ्या हाताकडे बघत होती. हात रिकामा होता.

मी समोर स्टूल ओढून बसलो. सगळं नीट समजावलं. कण छातीत जातात, त्यानंच ताप आला, ते माझ्यामुळे झालं, आता चाखायचं नाही. तिनं ऐकून घेतलं. निदान ऐकल्यासारखं केलं. मग तोंड पुन्हा उघडलं.

मी उठून बाहेर गेलो. काय करणार होतो?

९ मार्च

रोज तोंड उघडते, रोज मी नाही म्हणतो. तिला वाटत असेल मला आता तिची गरज उरली नाही. तसं नाही हे सांगायला मी तिला आजचे गोळे कसे फसले ते सविस्तर सांगतो. शिंपी काय म्हणाला, किती परत आले. ती ऐकते. बटाटे गाळताना थापा मारते. आता मी भांडं नेत नाही, फक्त "हो हो, आलोच" म्हणतो. पेज मात्र रागारागानं का होईना, संपवते. रागावर जगलेली माणसं मी पाहिलीत. माझी आजी तर निव्वळ त्याच्यावरच जगली.

१४ मार्च

आज सकाळी नळाला पाणी नाही. पिंपात तळाला होतं ते हिचं अंग पुसायला आणि पेजेला ठेवलं. पीठ भिजवायला थेंब नाही. शेजाऱ्यांकडेही बोंब. बटाटे तेवढे कालच्या साठवलेल्या पाण्यात उकडून झाले होते. पातेलं मोरीपाशी नेलं, ओतणार, आणि वाटलं की पाणी तर हेच आहे की. गढूळ होतं, पण उकळलेलं होतं. गार होऊ दिलं आणि त्यातच पीठ भिजवलं.

पीठ हाताखालीच वेगळं लागलं. गुळगुळीत, चिकटपणा धरून. कढईत सोडलं तर आवाजसुद्धा निराळा, जाड. आवरण फुगलं आणि फुगलेलंच राहिलं. हा आवाज मी ओळखतो. इतकी वर्षं हाच ऐकत आलोय, आणि गेले कित्येक दिवस तो नव्हता, हे माझ्या कानांना कळलं नव्हतं. डोळे बांधून तळणार होतो मी.

शिंप्यानं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा मागितला. मग कागदाला हात पुसत म्हणाला, "वहिनी उठल्या का?"

मी तिथेच पायरीवर बसलो. आज बटाटे झाल्यावर आतून थाप आली नव्हती. आज मी पाणी ओतलं नव्हतं.

ती पहिल्या आठवड्यापासून सांगत होती. जेवढा एक हात उरलाय तेवढ्यानं, लाकडावर आपटून सांगत होती. मी लघवीचं भांडं नेत राहिलो. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ती रोज सकाळी देत होती, तोच प्रश्न मी रोज दुपारी तिच्या जिभेवर ठेवत होतो, आणि तो तिच्या छातीत जात होता.

आत जाऊन तिचा डावा हात हातात घेतला. कडेवर आपटून आपटून बोटांची पेरं काळीनिळी झालेली. "जमलं," मी म्हणालो. "बटाट्याचं पाणी. जमलं गं." तिनं डोळे मिटले, आणि अर्धा चेहरा इतका निवला की मला आमच्या लग्नातला तिचा चेहरा आठवला.

१८ मार्च

दुकानात गर्दी आहे. जुनी माणसं परत येतायत, आत डोकावून हिला नमस्कार करतायत.

ही आता पेज खात नाही. परवा अर्धी वाटी, काल दोन चमचे. तोंड दुखतंय का, सिस्टरनं बॅटरी लावून बघितलं, काही नाही. ताप नाही. "मूड नसेल काकूंचा," म्हणाली, पण वजन करून गेली आणि आकडा मला सांगितला नाही.

२० मार्च

भिंतीकडे तोंड करून असते. कढईचा आवाज झाला तरी मान वळत नाही. दुपारी तोंड उघडून वाट बघायची, ते थांबलं. मला आधी बरं वाटलं होतं, की चला, समजलं एकदाचं तिला. बटाटे गाळतो तेव्हा शांत असते. गाळलेलं पाणी पिठात घालतो आणि तिला दाखवतो, बघ, घातलं. ती बघत नाही.

डॉक्टर येऊन गेले. दोन-तीन दिवसांत खायला लागली नाही तर नळीचा प्रयत्न करावाच लागेल म्हणाले. म्हणताना माझ्याकडे न बघता औषधांच्या बाटल्यांकडे बघत होते.

लेक उद्या पोचेल. फोनवर म्हणाली, "आई थकली असेल बाबा." थकली नाही ती. तिचं काम संपलं. आणि संपलं हे मीच तिला सांगितलं, हातात हात घेऊन, हसत हसत.

२१ मार्च

सकाळी तिच्याजवळ बसलो आणि खोटं बोललो. "परत बिघडलं," म्हणालो. "सगळा घाणा परत आला. बटाट्याचं पाणी घातलं तरी काहीतरी चुकतंय. मला काही कळत नाही. शिंपी अर्धा टाकून गेला." बाहेर रांग होती, लोकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. पडदा ओढून घेतला.

मग मान वळली. भिंतीपासून माझ्याकडे यायला तिला किती कष्ट पडले ते मी बघितलं. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं तिनं, मग पडद्याकडे, आणि तोंड उघडलं. चाखायला. जीभ थोडी पुढे, पूर्वी ठेवायची तशीच.

टेबलावर एका बाजूला गरम गोळे होते, दुसऱ्या बाजूला पेजेची वाटी. एक कण दिला असता तर ती संध्याकाळपर्यंत माणसात आली असती. आणि कदाचित परवापर्यंत गेली असती. मी पेजेचा चमचा भरला आणि उघड्या तोंडात ठेवला.

तिला जिभेवर पडताक्षणीच कळलं. न कळायला ती काय मी आहे? थुंकेल असं वाटलं. नाही थुंकली. माझ्यावरची नजर न काढता, हळूहळू, हनुवटी खाली घेऊन, मी शिकवलं होतं तसं गिळलं. खोकला आला नाही. एक चमचा गेला, तिला फसवून गेला, आणि मला इतका आनंद झाला की माझी मलाच शरम वाटली.

दुसऱ्या चमच्याला तिनं तोंड उघडलं नाही. "बिघडलंय गं, खरंच बिघडलंय," मी म्हणत राहिलो. बाहेरून कोणीतरी ओरडून आणखी चार गोळे मागितले, आणि आमच्या दोघांच्याही कानांवर ते पडलं.

आता ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतेय, ओठ मिटलेले. कढई बंद केली, माणसांना परत पाठवलं. लेकीची गाडी संध्याकाळी पोचते. पेज गार झाली की पुन्हा गरम करून आणतो, चमचा ओठांना लावून बघतो, आणि खाली ठेवतो.